बारा नंबरचे टोकन

कूपनावर ठळक अक्षरांत ‘दोघांसाठी’ असे छापले होते आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘एकट्या व्यक्तीस लागू नाही’ असेही. रिपीटबाईंनी भिंग घेऊन ती ओळ दोनदा वाचली. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला.

रिपीटबाई हे नाव त्यांना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पडले होते. एकतीस वर्षे त्यांनी तिथे नळाचे, विहिरीचे, तलावाचे पाणी तपासले आणि प्रत्येक नमुना दोनदा तपासल्याशिवाय अहवालावर सही केली नाही. कोणी घाई केली की त्या शांतपणे म्हणत, "एक रीडिंग म्हणजे अफवा." सात महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा भाचीने हे कूपन दिले. तासाभराच्या अंतरावर वायनरी होती. द्राक्षमळ्यात फेरी, तळघर आणि तिथल्याच पाच वाइनची चव, असा कार्यक्रम होता.

"मावशी, कुणालातरी घेऊन जा," भाची फोनवर म्हणाली होती.

"बघते."

"बघते नको. महिनाअखेर संपतंय ते."

त्यांनी बघितले होते. प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकारिणीने ‘नातू माझ्याकडेच असतो गं’ असे सांगितले. शेजारणीचे गुडघे आड आले. भाऊ "तू? आणि वाइन?" एवढे बोलून इतका वेळ हसला की रिपीटबाईंनी फोन टेबलावर ठेवून कुकर बंद केला, परत आल्या, तरी तो हसतच होता. यादी तिथे संपली. ती लिहायला कागदसुद्धा लागला नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या एकट्याच निघाल्या. बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. काउंटरवर काय बोलायचे ते ठरले होते. ‘मी एकटीच आले आहे. दुसऱ्या माणसाचं तुम्ही ठेवून घ्या.’ साधे, खरे वाक्य होते. बसमध्ये त्यांनी ते दोनदा मनात म्हणून पाहिले.

वायनरीत रांग होती. त्यांच्या मागे पंधरा जणांचे एक कुटुंब उभे होते आणि त्याचा सगळा कारभार एक मोठ्या आवाजाची सून बघत होती. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता कूपन घेतले.

"दोघं ना? मिस्टर कुठायत?"

रिपीटबाईंनी तोंड उघडले. मागे पंधरा माणसे एकाच वेळी गप्प झाली.

"गाडी लावतायत," त्या म्हणाल्या आणि बाईने ते वहीत लिहून घेतले.

हे वाक्य कुठून आले ते त्यांनाही कळले नाही. त्यांना गाडी नव्हती. मिस्टर तर कधीच नव्हते. ज्या बाईने आयुष्यात एक दशांश चिन्ह इकडचे तिकडे केले नाही, तिने एका दमात नोंदवहीत एक माणूस घातला होता, आणि त्याला गाडीही चालवता येत होती.

त्यांना अकरा आणि बारा नंबरची दोन पितळी टोकने मिळाली आणि दोन प्याले मिळाले. टोपीवाल्या सुपरवायझरने सगळ्यांना मळ्यात नेले. पानांच्या सावलीत बाके होती. त्याने पहिली पांढरी वाइन ओतायला घेतली. रिपीटबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"मिस्टर?"

"फोनवर आहेत."

"रविवारीसुद्धा?" मागून सून म्हणाली. "आमच्याकडेही तेच. काय करतात ते?"

"पाणी तपासतात." दुसरी कुठली नोकरी रिपीटबाईंना तपशिलात सांगता आली नसती.

"तरीच! मघाशी पाहिलं मी त्यांना. नळाकडे बघत उभे होते."

रिपीटबाईंनी वळून नळाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. तरी त्यांना जरा बरे वाटले, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी प्याल्यावरून हात हलवून वास नाकाकडे ओढला, आम्लाची बाटली हुंगावी तसा.

"बाई, चावत नाही ती," सुपरवायझर म्हणाला.

एक घोट घेतला. आधी गार, मग आंबट, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी ओळखीचे. पेरू. अर्धवट पिकलेला, करकरीत पेरू. ‘पेरू येतोय ना?’ असे विचारायला त्यांनी डावीकडे मान वळवली. डावीकडे बारा नंबरचा प्याला होता.

प्याला भरलेला राहिला तर संशय येणार, म्हणून त्यांनी त्यातली थोडी वाइन आपल्या प्याल्यात ओतून घेतली. मग आपली पातळी जास्त दिसू लागली, म्हणून ती पिऊन टाकली. मग पुन्हा बाराची जास्त दिसू लागली. चार वेळा असे झाल्यावर दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या आणि रिपीटबाईंचे कान गरम झाले.

"प्याले इथेच बाकावर ठेवा," सुपरवायझर म्हणाला. "आता तळघर. नीट ऐका. आत रस आंबतोय. त्यातून गॅस निघतो. जड असतो, खाली साचतो, वास नाही, रंग नाही. म्हणून आत जाताना टोकन या फळ्याच्या खिळ्याला लावायचं, बाहेर आल्यावर काढायचं. फळ्यावर टोकन म्हणजे आत माणूस. मग बाकी कोणी काहीही सांगो!"

ही पद्धत रिपीटबाईंना इतकी आवडली की क्षणभर त्या आपली अडचण विसरल्या.

"मिस्टर आले की नाही?"

"ते... पुढे गेले."

"टोकन न लावता?" सुपरवायझरचा आवाज चढला. "बाई, आधी लावा. दोन्ही लावा!"

त्यांनी दोन्ही लावली. शेजारी सुनेने पंधराही टोकने किल्ल्यांच्या जुडग्यासारखी एकाच खिळ्याला अडकवली. "सगळी माझ्याकडेच असतात," ती म्हणाली. "यांच्या हातात दिली की हरवतात."

तळघर लांबट आणि गार होते. आधी स्टीलच्या टाक्या, मग एक जाड दार, आणि त्यापलीकडे लाकडी पिंपांची खोली. सुपरवायझर सांगत होता, सून प्रश्न विचारत होती, तिच्या प्रश्नांना तिचा नवराच उत्तरे देत होता. रिपीटबाई सगळ्यांत मागे होत्या. माणसे एकमेकांना कोपराने ढोसून काहीबाही दाखवत होती. त्यांनीही एकदा एका पिंपाकडे बोट दाखवले. मग बोट हळूच पर्सवर ठेवले.

बाहेर पडताना सुनेने जुडगा खिळ्यावरून उचलला आणि पर्समध्ये टाकला. रिपीटबाईंनी अकरा नंबर काढला. बारा शेजारीच होता. पण दुसऱ्याच्या नमुन्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या नंबरावर सही करायची नाही, हे एकतीस वर्षांत त्यांच्या हातात इतके भिनले होते की हात तिकडे गेलाच नाही. त्या दहा पावले चालल्या आणि मागे भोंगा वाजू लागला.

"बारा नंबर आत आहे!" सुपरवायझर ओरडला. "मास्क आणा! मीटर आणा! बारा नंबर कोणाचा?"

सगळ्यांनी रिपीटबाईंकडे पाहिले. दोन कामगार तोंडाला मास्क बांधत धावत होते. आत टाक्यांपाशी गॅस असेल. नसलेल्या माणसासाठी असलेली दोन माणसे आत जाणार होती. रिपीटबाई परत फळ्यापाशी गेल्या.

"थांबा! आत कोणी नाही."

"काय?" भोंग्यात काही ऐकू येत नव्हते.

"कोणी नाही म्हणते मी! बारा नंबर खोटा आहे!" बसमध्ये दोनदा म्हटलेले वाक्य त्यांनी जिवाच्या आकांताने ओरडून सांगितले आणि त्याच वेळी कोणीतरी भोंगा बंद केला. "मी एकटीच आले आहे!"

ते वाक्य समोरच्या भिंतीवर आपटून थोडे परतही आले.

"धक्का बसला की असं बोलतात माणसं," सुपरवायझर हळू आवाजात म्हणाला. "पाणी द्या कोणीतरी त्यांना."

"माझं लग्नच झालेलं नाही हो!"

"अहो, असं काय करता?" सुनेने त्यांचा हात घट्ट धरला. "मी पाहिलं ना त्यांना! उंच, चष्मा, नळापाशी."

"टोपी होती," तिचा नवरा म्हणाला.

"गाडी लावायला गेलेले," काउंटरवरची बाई धावत येऊन म्हणाली. "वहीत आहे माझ्या."

"बाई," सुपरवायझर म्हणाला, "फळ्यावर टोकन म्हणजे आत माणूस." आणि कामगार आत गेले.

तीन मिनिटांनी आतून हाक आली, "सापडले! चांगले आहेत!"

वहीत लिहिल्याने माणूस तयार होत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी दाराकडे त्यांनी नीट पाहून घेतले. दोन कामगारांच्या मधून सत्तरीचे एक बुटके गृहस्थ बाहेर आले. चष्मा नव्हता. टोपीही नव्हती.

"सांभाळा बाई तुमचे मिस्टर," सुपरवायझर घाम पुसत म्हणाला.

"नमस्कार," गृहस्थ रिपीटबाईंना म्हणाले.

"अगंबाई!" सून किंचाळली. "हे तर आमचे बाबा! तुम्ही आत कसे?"

"तुम्ही सगळे बाहेर गेलात म्हणून," बाबा म्हणाले. "गुडघा दुखत होता. पिंपांच्या मागे बाक होतं. बसलो. शांत होतं."

सुनेने पर्समधून जुडगा काढून मोजला. पंधरा टोकने होती. एकही कमी नव्हते.

सुपरवायझर फळ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला. त्याला वेळ लागत होता, म्हणून रिपीटबाईंनी समजावून सांगितले. एक टोकन लटकत होते आणि त्याला माणूस नव्हता. एक माणूस आत होता आणि त्याला टोकन नव्हते. दोन चुका एकमेकींत वजा झाल्या, त्यामुळे उत्तर बरोबर आले.

"म्हणजे तुमचं ते खोटं लटकलं नसतं, तर..." सुपरवायझर टोपी काढून म्हणाला. "पिंपांच्या खोलीत गॅस नसतो. पण ते दार आम्ही आता लावतो ते उद्या सकाळी उघडतो."

रिपीटबाईंनी काउंटरवरची वही मागवली. ‘मिस्टर’ या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, जुनी नोंद वाचता यावी अशी. बाजूला सही केली, तारीख घातली. वेळही घातली. काउंटरवरच्या बाईने बारा नंबर परत घेतला आणि पेटीत टाकला.

बाकीच्या चार वाइन चाखायला कोणाला उत्साह उरला नव्हता. लोक पांगले. सून पार्किंगमध्ये दाराशी उभी राहून मोठमोठ्याने मोजत एकेकाला गाडीत चढवत होती. "तेरा, चौदा, पंधरा! झाले! चला!" दार धाडकन लागले आणि गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर गेली.

परतीच्या बसला अजून वेळ होता. रिपीटबाई मळ्यातल्या बाकावर येऊन बसल्या. दोन्ही प्याले तिथेच होते, पातळ्या सारख्या. वाइन आता कोमट झाली असणार. त्यांनी अकरा नंबरचा उचलला.

"हा दुसरा कोणाचा आहे का?"

बाबा बाकाच्या मागे उभे होते.

"अहो, तुमची गाडी गेली!"

"हो, पाहिली ना. जरा हात धुवायला गेलो होतो."

"पण पंधरा मोजले त्यांनी. मी ऐकलं."

"ड्रायव्हर धरून," बाबा म्हणाले आणि गुडघा सांभाळत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. "येतील. जेवायला बसले की एक ताट जास्त होईल."

रिपीटबाईंनी घड्याळ पाहिले आणि पर्समधल्या चिटोऱ्यावर वेळ लिहिली.

"काय लिहिताय?"

"किती वेळात कळतं ते."

"मघाशी लागली असतील पाच-सात मिनिटं."

"ते धरता येत नाही. मघाशी शोधत होते माझ्या मिस्टरांना."

बाबांनी त्यावर थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग बारा नंबरचा प्याला उचलून त्यांनी एक घोट घेतला. रिपीटबाई समोरच्या वेलींकडे बघत होत्या, पण त्यांचा कान डावीकडे होता.

"का कोण जाणे," बाबा म्हणाले, "मला यात पेरू लागतोय. तोही कच्चा. भास असेल."

"नाही," रिपीटबाई म्हणाल्या. "आता दोन रीडिंगं झाली."