तळ्याच्या नियमांची आणि सटवोजीच्या गाठींची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास वंदन, शारदेस नमन, आणि ज्याच्या ढोलाने राज्य जागे राहिले त्या सटवोजी दवंडीवाल्यास रामराम करून लिहितो ते ऐकावे. शके सोळाशे सत्तर, विभव नाम संवत्सरी, एका राज्यात सभेने तळ्याचा कायदा करावयास घेतला. तळे स्वच्छ राखावे एवढे ठरले आणि तोच आंबरसाचा वास आला, पंगतीची पाने मांडली गेली, मग सभासद म्हणाले की बारीकसारीक नियम नाझर विसो अनंत यांनी करावे, आणि सारे हात धुवावयास उठले. नाझरास ओसरी मिळाली, त्यांनी हातपाय पसरिले. आधी पाणी भरण्याच्या वेळा लिहिल्या, त्या बऱ्याच होत्या, मग लेखणीस चव लागली आणि तेहेतीस गुन्हे लिहोन आपलाच शिक्का मारिला आणि यादी कचेरीत दाराआड टांगिली. त्यात एक कलम असे की तळ्यात बांबू भिजविल्यास तीन महिने किल्ल्यात कैद. मैनाबाई बुरूडीण, जिच्या सात पिढ्या तेथेच बांबू भिजवीत आल्या, ती दुसरेच दिवशी शिपायांनी धरिली. "अवो, दवंडी कवा झाली? म्या तर ऐकली न्हाई!" असे ती ओरडत गेली, आणि सटवोजीने ते ऐकिले आणि तो ढोलाची दोरी चाचपू लागला.

कारण त्या राज्याची रीत अशी की ज्या हुकुमाने पायी बेडी पडेल तो आधी सभेत वाचावा, सभेने हात वर करावे, मग सटवोजीने सात चौकांत ढोल पिटावा आणि ढोलाच्या दोरीस एक गाठ मारावी. बापआजापासून गाठी अकरा होत्या. बांबूची एकही नव्हती.

न्यायसभेच्या सकाळी नाझरांनी सटवोजीस बोलाविले आणि गोड होऊन म्हणाले, "सटवोजी, एक गाठ मारून टाक. तुझे दवंडीचे वतन तुझ्या लेकाकडे राहील हे मी पाहतो. नाहीतर तुझे तू बघ." घरी खाणारी तोंडे सहा, आणि वतनावाचून त्यास दुसरे काही येत नव्हते. तरी दोरी छातीशी धरून म्हणाला, "सरकार, गाठ माझी असती तर धा मारल्या असत्या. ती सभेची हाय."

मग न्यायाधीश आबाशास्त्री यांजपुढे दोरी ठेविली, आणि सटवोजीने एकेक गाठ चाचपोन सांगितली, ही चोरीची, ही दरोड्याची, ही खोट्या साक्षीची, अशा अकरा, आणि पुढे दोरी मोकळी. नाझर बोलिले, "नियम करण्याचा अधिकार मला सभेनेच दिला." शास्त्री म्हणाले, "तळे राखावयास दिले, पंत. माणसे कोंडावयास नव्हे." आणि मैनाबाईस तेथेच सोडिले, आणि सटवोजीच्या वतनास कोणी हात लावू नये असा हुकूम केला. सटवोजीस इतका आनंद झाला की भर न्यायसभेत रडला.

मग सभा फिरोन भरली, यादी मोठ्याने वाचिली गेली, आणि म्हशीचे तोंड पूर्वेस करून धुणे हा गुन्हा ऐकोन नाझरांस स्वतःसच हसू आले. बत्तीस कलमांतली कैद काढिली, बुरुडांस पश्चिमेचा कोपरा दिला. मासे मरावे म्हणोन तळ्यात विषारी पाला टाकणे, हे एक मात्र खरेच वाईट, त्यास सर्वांनी हात वर केले. सात चौकांत ढोल वाजला. सटवोजी बारावी गाठ मारू लागला तेव्हा मैनाबाईने दोरीचे टोक धरिले आणि म्हणाली, "घट्ट मारा, सटवोजीदादा. ही म्या कानांनी ऐकली."

एवंच काय, नियम नाझराचा असो, बेडी सभेची असावी. तेव्हापासून त्या राज्यात पंगत आधी उठते आणि कायदा मागाहून होतो. लेखनसीमा.