चौथा मुद्दा

ज्या वस्तूची घरच्यांना गरज उरत नाही, तिला जगाचा वारसा म्हणतात. ती जगभर नीट वाटली जावी म्हणून आमच्या बुखाऱ्यात एक समिती आहे. तीत आम्ही तिघे: अध्यक्ष, मी आणि शिक्का. निर्णय बहुधा शिक्काच घेतो.

नियम सोपा आहे. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर जात नाही. ती सरकारी भांडारात जाते. (तिथल्या कसरीला मात्र वारसा ओळखायला समिती लागत नाही.) म्हणून दुकानात दीडशे वर्षांची असलेली सुझनी, म्हणजे आमचा भरतकामाचा मोठा पडदा, आमच्या टेबलावर तीन वर्षांची होते. अंतर दोनशे पावलं. म्हणजे वस्तू दर पावलाला सुमारे नऊ महिन्यांनी तरुण होते. हा हिशेब मी दोनदा केला आहे. तरी चूक असू शकेल.

मी आधी शाळेत शिकवत असे, म्हणून सगळे मला डोमला म्हणतात. ‘अस्सल सुझनी कशी ओळखावी’ अशी एक पुस्तिकाही माझ्या हातून लिहिली गेली. तिचा चौथा मुद्दा असा: काम संपलं की आयुष्य संपतं या समजुतीने जुन्या बायका एक फूल मुद्दाम अपुरं ठेवत. ही पुस्तिका सगळे संग्राहक वाचतात. नकली माल करणारेही वाचतात, आणि ते जास्त काळजीपूर्वक वाचतात. कापड चहात बुडवून गच्चीवर वाळवण्याची माहिती तीत नाही. ती त्यांची स्वतःची भर.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी बेल्जियमचे फर्मेर्श साहेब दाखल्यासाठी एक सुझनी घेऊन आले. त्यांच्याकडे एकसष्ट देशांची लोककला आहे: मुखवटे, पाळणे, लाकडी चमचे. (जेवायला स्टीलचे वापरतात.) अध्यक्ष शिक्का खिशात घालून पुलाव खायला गेले होते, आणि गुरुवारचा पुलाव दोन तास चालतो. साहेब सुझनी माझ्या टेबलावर ठेवून मशीद बघायला गेले.

ते गेले आणि होसियत आत आली. माझी जुनी विद्यार्थिनी. रेशमाच्या कारखान्यात काम करते.

“डोमला, ही माझ्या पणजीची. एर्गाशने मला न विचारता विकली. भाऊ कसला, सुरवंट आहे! दहा दिवसांवर पोरीचं लग्न आहे. नवरीच्या डोक्यावर काय धरू, त्याची टोपी?”

मी पाहिली. खरी होती. एका कोपऱ्यात अर्धं डाळिंबाचं फूल होतं.

“तुम्ही खरं लिहा,” ती म्हणाली.

“खरं लिहिलं तर भांडारात जाईल.”

“मग खोटं लिहा.”

“खोटं लिहिलं तर बेल्जियमला.”

“मग तुम्ही इथे बसता कशाला?”

हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता. मी तिला चहा ओतून दिला.

तिने तो घेतला नाही. “हा साहेब काय बघून खरेदी करतो?”

मी पुस्तिका चौथ्या मुद्द्यावर उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने ओठ हलवत वाचलं. मग कॉलरमागे खोचलेली सुई काढली.

“पणजी शिव्या घालेल,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मी त्या वेळी खिडकीतून तुतीच्या झाडाकडे पाहत होतो, त्यामुळे काहीही पाहिलं नाही. दोरा जरा भडक आहे एवढंच म्हणालो. तिने तो माझ्या चहात बुडवला.

साहेब परतले. त्यांनी भिंग काढलं, माझी पुस्तिका काढली, कोपरा पाहिला.

“पूर्ण आहे!” ते मोडक्या रशियनमध्ये ओरडले. “फसवलं मला!”

त्यांना सकाळी फूल अर्धं दिसलं होतं. पण छापलेल्या मजकुरापुढे डोळ्यांचं कोण ऐकतं? एर्गाशला बोलावून आणलं आणि त्याला पैसे परत करावे लागले. मी वहीत लिहिलं: ‘वस्तू मालकिणीस परत. कारण: पूर्ण.’

“घरी जाऊन उसवते,” होसियत दारात कुजबुजली. लग्नात मी पाहिलं, फूल पुन्हा अर्धं होतं.

साहेबांनी त्या गुरुवारीच संध्याकाळी दुसरी सुझनी आणली होती. तिच्यात तब्बल चार फुलं अपुरी होती. अध्यक्ष ढेकर देत होते. मी दाखल्यावर लिहिलं, ‘वय तीन आठवडे.’ नोकरीतला माझा हा पहिला संपूर्ण खरा दाखला. साहेबांनी तो वाचला आणि मला डोळा मारला.

तुम्ही त्यांना हसलात, ते ठीकच आहे. पण ही हकिगत जुनी, अस्सल आणि त्या मातीतली आहे असं तुम्हाला मघापासून वाटत असेल, तर कृपया कागदाचा वास घेऊन पाहा. तो चहाचा आहे. आणि शेवट जरा अपुरा