पायवानांच्या कायद्याने

घर कोणाचं, या प्रश्नावर मानवजातीने एकच निर्दोष कायदा केला आहे, असं आमचा शेजारी इनास मानत असे. तो कायदा लंडनला झाला नाही की दिल्लीला नाही. फॉर्मोसा म्हणजे आजच्या तैवान बेटाच्या दक्षिणेला, डोंगरात राहणाऱ्या पायवान लोकांत तो झाला. याला साक्षीदार म्हणाल, तर अख्ख्या गोरेगावात एकटा इनास.

तरुणपणी तो आगबोटीवर सुतार होता. बोट दुरुस्तीसाठी तिकडे तीन महिने अडकली आणि इनास डोंगरात एका लाकूड कोरणाऱ्या पायवान म्हाताऱ्याकडे राहिला. त्या तीन महिन्यांवर त्याने पुढची तीस वर्षं काढली. संध्याकाळी दिंडोशीची टेकडी धुक्यात विरघळू लागली, की तो ओटीवरून हात करून म्हणे, "मास्तर, तिच्या मागंच हाय बघ ते गाव." टेकडीमागे गवत आणि म्हशी आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी म्हशी दिसत नसत.

दाराच्या चौकटीवर त्याने साप कोरला होता. घराला आशीर्वाद द्यायला आलेले पाद्री उंबऱ्यावरच थबकले.

"इनास, दारात सैतान?"

"नाय फादर. आमच्या पायवानांत हा पूर्वज."

फादरांनी पवित्र पाणी जरा सढळ हाताने शिंपडलं.

मग त्याची विधवा बहीण रोजा वसईकडून कायमची राहायला आली. विहिरीवर आळीतली फिलूबाय सगळ्यांदेखत म्हणाली, "बरंय बाय, भावाच्या जिवावर बसून खायचं!" रोजाने घरी येऊन ट्रंक भरायला घेतली.

इनास ओटीवर उभा राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "आमच्या पायवानांत घर पयल्या पोराचं! पोरगी असली तरी तिचंच! बापाच्या पैशाचं घर हाय. रोजा मालकीण, मी भाडोत्री!" आणि आपली चटई उचलून तो ओटीवर राहायला गेला.

तेवढ्यावर भागलं नाही. आतून त्याने एक अजब वस्तू आणली: एकाच लाकडात कोरलेले दोन पेले, मधे दांडी. पायवान त्यातून दोघं मिळून पितात, गालाला गाल लावून, एकदम. दारूबंदी असल्याने चहा ओतला. रोजा बुटकी, म्हणून तिला पाटावर चढवलं. तरी निम्मा चहा इनासच्या सदऱ्यावर गेला.

"मेल्या, पेला सरळ धर की!" रोजा हसत सुटली. ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली.

काही वर्षांनी इनास वारला. मी भेटायला गेलो, तेव्हा रोजाबाय तो पेला पुसत बसली होती. सांत्वनाचं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "थोरलीच्या डोळ्यांदेखत धाकट्याने जावं, वाईटच."

"थोरली कोण?" ती म्हणाली. "मी जन्मले तवा इनास सात वर्षांचा होता."