ठराव क्रमांक पाच

माणसाची न्यायबुद्धी अंतराच्या प्रमाणात वाढते. मध्ये शंभर वर्षे आणि एक समुद्र असला की ती अचूक चालते.

१९६१ साली श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला मराठी संशोधकांचे एक वाचन मंडळ होते. सभासद चार, कोरम तीन. चिटणीस श्यामकांत रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता, त्यामुळे मंडळाचे इतिवृत्त टंकलिखित असे. सभा दर रविवारी विनय आणि सुधा या जोडप्याच्या दोन खोल्यांत, कुजबुजत होई (रविवारच्या शांततेबद्दल खालची घरमालकीण फार जागरूक होती).

त्या वर्षी मंडळाने व्हिक्टोरियन काळातल्या एका श्रीमंत इंग्रज कुटुंबाची जाडजूड कादंबरी घेतली. श्यामकांतने तक्ता केला: विवाह नऊ, सुखी दोन, अनिश्चित एक (नवरा आफ्रिकेत). कादंबरीतल्या थोरल्या सुनेला चित्रकलेच्या शाळेत जायचे असते. नवरा विचारतो, मग पाहुण्यांचं कोण बघणार?

"अरे, बायको आहे की फर्निचर?" चौथा सभासद श्रीरंग कडाडला. (खालून छतावर झाडू वाजला.)

ठराव क्रमांक चार: सदर नवऱ्याचा तीव्र निषेध. एकमताने मंजूर. वेळ चार मिनिटे.

त्यानंतर श्यामकांतने खिशातून वीणाचे पत्र काढले. गेल्या सुट्टीत पुण्यात तो वीणाला भेटला होता आणि तिचा फोटो लॉगच्या तक्त्यांच्या पुस्तकात ठेवून रोज पाहत होता (गरज नसलेल्या आकड्यांचे लॉगही तो हल्ली पाही). वीणाने लिहिले होते, "वनस्पतिशास्त्रात संशोधनाची जागा मिळाली आहे. लग्नासाठी दोन वर्षे थांबाल का?"

"दोन वर्षं? आणि तोवर तू पाव-चीज खाणार?" विनय म्हणाला.

"तिने इकडेच यावं. हुशार आहे, घर छान ठेवेल," श्रीरंग म्हणाला.

"पण त्या इंग्रज नवऱ्याचं..." श्यामकांत चाचरला.

"आल्झो, म्हणजे, ते वेगळं!" श्रीरंग म्हणाला. "त्याच्याकडे सात नोकर होते. तुझ्याकडे कोण आहे?"

युक्तिवाद बिनतोड होता. ठराव क्रमांक पाच: वीणाने संशोधन सोडून डिसेंबरात लग्न करावे. एकमताने मंजूर.

"अहो, मला विचारायचं राहिलं की!" पोह्यांच्या बशा घेऊन आलेली सुधा म्हणाली.

"तू आत होतीस ना," विनय म्हणाला. तसे इतिवृत्तात नमूद झाले.

श्यामकांतने वीणाला चार पाने लिहिली. आपण किती पुढारलेले आहोत हे तिला कळावे म्हणून ठराव चारखाली लाल रेघ मारून इतिवृत्ताची प्रतही जोडली. ठराव पाच त्याच पानावर होता. पण चिटणिसाला पान फाडण्याचा अधिकार नसतो.

तीन आठवड्यांनी प्रत परत आली. समासात वीणाच्या अक्षरात दुरुस्ती होती: "ठराव चार आणि पाच एकाच गृहस्थाविषयी आहेत. एकत्र करावेत. मी संशोधनाला रुजू झाले आहे."

श्यामकांतने लॉगच्या पुस्तकातला वीणाचा फोटो काढून ठेवला. लॉग पाहणे त्याला अजूनही जड जाते.

वाचकहो, एव्हाना आपणही श्यामकांतचा निषेध केला असेल. तो एकमताने मंजूर झाल्याची नोंद घेतली आहे. फक्त कोरमसाठी एक विचारायचे राहिले: आपण हे निवांत वाचत असताना, आपल्या घरात आत कोण आहे?