सातव्या आरशाची गैरवर्तणूक

खरं काय ते बहुमताने ठरतं, हे विज्ञानाला जरा उशिरा कळलं. पण कळलं, हे महत्त्वाचं.

एकच अवाढव्य आरसा घडवणं आणि डोंगरावर चढवणं अवघड, म्हणून वेधशाळेने छत्तीस षटकोनी आरसे एकमेकांना खेटून बसवले आणि त्यांची एक दुर्बीण केली. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या कडेशी कड जुळवून राहायचं, बस्स. (आकाशाकडे बघून खात्री करण्याची पद्धत वेळखाऊ म्हणून वगळली.)

उद्घाटनाच्या पाहुण्यांना पहिल्या आरशात स्वतःची फक्त हनुवटी दिसली. वेधशाळेच्या साहेबांनी लगबगीने आरसा बोटभर कलवला. पूर्ण चेहरा दिसला, टाळ्या पडल्या. मग पहिल्याचं बघून दुसरा कलला, दुसऱ्याचं बघून तिसरा, असे सगळे. सातव्याची, शेजाऱ्यांची खबर आणणारी तार तेवढी उंदराने कुरतडली होती. त्याला काही कळलंच नाही. तो आपला ताऱ्याकडे बघत राहिला.

आरसे जुळवणाऱ्या ताईंना पडद्यावर पस्तीस आरशांचा मिळून एक शेपटीवाला ढग दिसला आणि बाजूला सातव्याचा, सुईच्या टोकासारखा एक ठिपका. या ठिपक्यासाठी तर त्यांनी केस पिकवले होते.

"साहेब, सातवा बरोबर आहे. बाकीचे पस्तीस फिरवावे लागतील."

"पस्तीस खुळे आणि हा एकटा शहाणा? ताई, घरीसुद्धा असंच चालवता का हो?"

"घरी आम्ही दोघंच. बहुमत होतच नाही."

"त्याला वळवा. नाहीतर तो निघेल, आणि पाठोपाठ त्याचे वकीलही."

ताईंना नोकरी हवी होती. (ठिपकाही हवा होता, पण तो पगार देत नाही.) त्या पाना घेऊन वर चढल्या, शेजारच्या लोखंडी खांबावर चार सणसणीत ठोके घातले आणि खाली येऊन म्हणाल्या, "झालं."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ठोके ऐकले होते, तेवढा पुरावा पुरे होता.

ढगाला नवा तेजोमेघ म्हणून मान्यता मिळाली, साहेबांचं नाव मिळालं आणि त्याची मोठमोठी चित्रं छापून घरोघर गेली. एक तुमच्याही बैठकीच्या खोलीत आहे. पाहुण्यांना दाखवताना तुम्ही ढगाकडे हात करून "अथांग!" म्हणता.

उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका आहे. परवाच तुम्ही तो माशीची घाण समजून ओल्या फडक्याने घासत होतात.