रुपरावांच्या वायफायची राखण

विदर्भातले जे गुन्हे आजवर उघडकीस आले नाहीत, ते केवळ आपल्याला कोणी बोलावलं नाही म्हणून, असं रुपरावांचं स्पष्ट मत होतं. "माही नजर म्हणजे एक्सरे आहे," असं ते आरशात पाहून म्हणत, आणि मग आरशापुढेच ठेवलेला चष्मा घरभर शोधत. नरखेडकडची संत्र्याची बाग बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला देऊन ते नागपुरात मुलाकडे राहायला आले, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी फाटकावर पाटी लावली: "रुपराव, गुप्त तपासनीस." त्यातला 'गुप्त' लांबून दिसावा म्हणून लाल रंगात होता.

तपासनीसाला सहायक लागतो. मुलगा जितेंद्र नोकरीपायी गडचिरोलीला. बायको गोपिकाबाई कोणाच्या हाताखाली काम करणाऱ्यांतल्या नव्हेत. उरली सून श्वेता. सासऱ्यांची, म्हणजे तिच्या मामाजींची, चप्पल हरवली तेव्हा ती बिचारी गल्लीतल्या कुत्र्यावर पाळत ठेवून उन्हात बसली होती. चप्पल शेवटी मामाजींच्याच पायात निघाली.

श्वेता हे सगळं हसून सोसत आली होती. या वेळची केस मात्र तिच्या पोटावर येणारी होती.

जितेंद्रने मागच्या सुटीत नवा राउटर आणला. "एवढीशी डबी, पण आत कॉम्प्युटरसारखा लिनक्स आहे," असं कौतुकाने सांगून त्याने तो चालू करून दिला आणि बाकीच्या सेटिंग वडिलांचा मान म्हणून वडिलांवर सोडल्या. मान फार महागात पडला. रुपरावांनी वायफायचं नाव ठेवलं 'गुप्तहेर रुपराव', ते गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर झळकू लागलं. आणखी काही बंदोबस्तही केला, पण तो कोणाला सांगितला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सगळे उठायच्या आधीच नेट गायब व्हायचं आणि ऊन चढल्यावर आपलं आपण परत यायचं.

मुलगी झाल्यावर सोडलेली हिशेबनिसाची नोकरी श्वेताला परत कोणी देत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने घरबसल्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं, ती नेमकी सकाळी. एक प्रश्न झाला आणि उघड्या तोंडानिशी श्वेता पडद्यावर गोठली. तिकडच्या मॅडम भल्या. त्यांनी पुन्हा वेळ दिली, गुरुवारी सकाळी नऊ. तिसरी वेळ मिळणार नाही, हेही सांगितलं. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, आणि मे महिन्यात नऊ वाजता त्या गच्चीवर पापड भाजून निघाला असता. शेजारच्या पियुषकडे जाऊन बसता आलं असतं, पण ती वाट मामाजींनी सोमवारीच बंद केली.

"चोर शेजारी राह्यते," ते कुंपणाशी उभे राहून, पियुषला ऐकू जाईल अशा गुप्त आवाजात म्हणाले. "संत्रे कोण नेते? शेजारच्या धुऱ्यावरचाच माणूस नेते. नेटचंही तसंच."

"काका, माह्या घरी माहं नेट आहे," पियुष म्हणाला.

"प्रत्येक चोराच्या घरी स्वतःचे संत्रे असतेच गा."

पियुष आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पासवर्ड बदलूनही सकाळी नेट गेलंच. मग संशय लिनक्सवर गेला.

"आत बसला आहे तो लिनक्स. कोणाचा कोण, ना ओळख ना पाळख. जितेंद्रनं त्याले चौकशी न करता घरात घेतला."

"मामाजी, तो माणूस नाही."

"हेच. माणूस असता तर पकडला असता."

त्यानंतर पाळी आली कूलरची. सकाळी कूलर लागते, सकाळीच नेट जाते, म्हणजे कूलर पाण्यासोबत नेटही पिऊन राहिला, असा सिद्धांत निघाला. कूलर बंद झाला. घर भट्टीसारखं तापलं, नेट काही आलं नाही, आणि गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन सिद्धांत रुपरावांनी मनातच ठेवले.

गुरुवार उजाडला. श्वेता इस्त्रीचा कुडता घालून, केस विंचरून लॅपटॉपपुढे बसली. साडेआठ होऊन गेले होते. लॅपटॉप तारेने राउटरला जोडलेला, राउटरचं सेटिंगचं पान समोर उघडं, आणि बाहेरचं जग बंद. तिला सासऱ्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. रडलं तर काजळ पसरेल म्हणून ती नुसती रागावून बसली.

"धीर धर बेटा," रुपराव भिंग घेऊन राउटरचे दिवे तपासत होते. "हिरवा लुकलुकून राहिला. हा काहीतरी सांगू पाहते."

गोपिकाबाई चहा घेऊन आल्या. सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला, मग पडदा पाहिला.

"काहून वं, इथं रात्रीचे तीन काहून वाजले?"

पानाच्या कोपऱ्यात राउटरची वेळ होती. तीन वाजून पाच मिनिटं, पहाटेची.

"ते मले केव्हाचंच दिसलं," रुपराव म्हणाले. "विदेशी वस्तू आहे, तिचं घड्याळ विदेशी. त्याचा केसशी संबंध नाही."

गोपिकाबाईंनी कप खाली ठेवला. "अवो, खरं सांगा. याले काही टायमर लावला का तुम्ही?"

रुपरावांची छाती फुगली. "लावला ना. राखण लावली. चोर रात्रीचा येते. म्हणून अकरा वाजता फाटक बंद, पहाटे पाचले उघडं. बागेत जसं करत होतो तसंच."

"बागेत जसं केलं तसंच केलं, हाव. मोटरचा टायमर लावला आणि घड्याळ लावलंच नाही. रात्रीचं पाणी भर दुपारी सुटलं, मिरचीच्या वाळवणात. ते मले आठवते. तुम्हाले नाही आठवत?"

रुपरावांनी भिंग खाली ठेवलं. राउटरसुद्धा लुकलुकायचा थांबला की काय, असं श्वेताला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, राउटर ग्रीनविचच्या घड्याळावर चालला होता, आपल्या साडेपाच तास मागे. त्याची मध्यरात्र म्हणजे नागपूरची सकाळ, आणि मामाजींची राखण तो इमानेइतबारे करत होता. तिने वेळेच्या यादीतून भारतीय वेळेचं कोलकाता निवडलं, जतन केलं. पान पुन्हा उघडलं, त्यावर सकाळ झाली होती. आणि नेट आलं.

मुलाखत पाऊण तास चालली. तेवढा वेळ रुपराव दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि कुकरची शिट्टीसुद्धा त्यांनी होऊ दिली नाही. श्वेता हसत बाहेर आली, सोमवारपासून काम, सकाळी आठला हजर. गोपिकाबाईंनी तिला जवळ घेतलं. रुपरावांनी डोळे पुसले आणि घाम म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ते मोसंब्यांची पिशवी घेऊन पियुषकडे गेले.

"काका, सापडला का चोर?"

"सापडला. पण इज्जतदार घरातला माणूस आहे गा. नाव नाही सांगत."

रविवारी नवी केस उभी राहिली. राउटरच्या सेटिंगचं पान रुपरावांना आतच घेईना. पासवर्ड कोणीतरी बदलला होता. भिंग निघालं, सहायकाला पाचारण झालं.

"हे काम सराईताचं आहे," रुपराव म्हणाले. "घरातलं तर कोणी नसंल?"

"छे, मामाजी," श्वेता गंभीरपणे म्हणाली, आणि पियुषवर पुन्हा आळ नको म्हणून, नवा पासवर्ड मनातच ठेवून तिने गल्लीतल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.