कठीण पातळीचा विजेता

आमच्या कळंबच्या संगणक केंद्रात २००४ साली अंतराळयुद्धाच्या खेळाचे विधिवत उद्घाटन झाले. खेळ केंद्रात शिकवणाऱ्या अमृतसरांनीच बनवला होता. आपण अंतराळयाने जमवून ग्रह जिंकायचे, समोरून संगणक लढणार. त्याच्या पातळ्या तीन: सोपी, मध्यम, कठीण. संस्थेचे अध्यक्ष हौशीरामभाऊ हौसेने 'सोपी'वर बसले आणि चहा येईपर्यंत सगळे ग्रह घालवून बसले. टाळ्यांसाठी उभी केलेली पोरं नुसतीच उभी राहिली.

भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, ह्यो कॉम्प्युटर संस्थेचाच हाय ना?"

अमृतसर अजून नोकरीत कायम व्हायचे होते. त्यांनी त्याच आठवड्यात 'सोपी' नरम केली. भाऊ जिंकले, पेढे वाटले. पण अध्यक्ष 'सोपी'वर जिंकले, अशी कुजबुज स्टँडपर्यंत गेली. मग काय, पातळीनिर्धारण समिती नेमण्यात आली. अध्यक्षांना विजय 'कठीण'वरच मिळावा, असे समितीने सखोल विचारांती ठरवले. त्यानुसार 'कठीण'चा संगणक आपली याने आपणच माघारी घेऊ लागला, सोसायटीच्या निवडणुकीत अर्ज काढून घेतात तसा. 'मध्यम' उपाध्यक्षांना दिली. आता संगणकाची खरी अक्कल ठेवायची कुठे? ती 'सोपी'त टाकली, कारण तिथे बसण्याचा कमीपणा कोण घेणार!

बसली एकटी प्राची. मेंढरं राखणाऱ्या बहिरूची ही लेक लई जिद्दी. केंद्रातून एकच मूल पुण्याच्या संगणक-खेळांच्या स्पर्धेला जाणार होते आणि तिला जायचेच होते. ती रोज हरायची, रोज नवी चाल रचायची. एके दिवशी तिने 'सोपी'ला हरवले. अमृतसरांचे डोळेच भरून आले.

निवड मात्र नियमाने झाली. भाऊंचा नातू स्वराज 'कठीण'चा विजेता, प्राची 'सोपी'ची. स्वराजचे नाव लागले.

बहिरू केंद्रात आला. "सर, खरी कठीण कंची, तुमाला तर ठावं हाय."

"ठाऊक आहे, बहिरूभाऊ. पण निकालात पातळीचं नाव लिहितात."

स्वराज पुण्यात पहिल्याच फेरीत हरला. पुण्याचा संगणक उद्धट असल्याचा ठराव समितीने एकमताने केला, आणि अमृतसर कायम झाले.

प्राची आता मोठी झालीय, हल्ली नोकरी शोधतेय. केंद्राने दिलेल्या तिच्या प्रमाणपत्रावर 'सोपी पातळी, उत्तीर्ण' असं लिहिलंय. स्वराजच्या प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते सांगायला नको. दोघांचेही अर्ज उद्या तुमच्याच टेबलावर येतील आणि तुम्हाला माणूस एकच घ्यायचाय. मघापासून भाऊंना हसताय ना, राव? मग बोला, कोणाला बोलावताय?